अर्धी फळी अडते, अर्धी सोडते

ठोकळा हलायच्या आधी एक बारीक आवाज होतो. ऐकला तर ऐकू येतो, नाहीतर नाही. लाकूड लाकडावर बसलेलं असतं, दोरी ताणलेली असते, कप्पीवरून खाली लोंबणाऱ्या पारड्यात पोरं एकेक वजन टाकत असतात, आणि ठोकळा आपला ढिम्म. मग आत कुठंतरी 'चिक्' होतं आणि तो निघतो. पोरांचं लक्ष वजनं मोजण्यात. मी मात्र त्या 'चिक्'ची वाट पाहत उभी असायची. दुपारचं ऊन काचेच्या कपाटांवर आलेलं, खडूची धूळ त्या उन्हात तरंगत असलेली, बाहेर कडुनिंबावर होले घुमत असलेले. अशा वेळी आपण नोकरीवर आहोत की झोपेत आहोत, हे मला खरंच कळत नसे. आता निवृत्त झाले, तरी दुपारी डोळा लागला की तोच आवाज येतो आणि मी जागी होते.

मी दारव्ह्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबची परिचर होते. आमचे हे गेले, त्यांच्या जागेवर मला घेतलं. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही घाटंजीकडच्या खेड्यातली, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी बुडालेली. परिचर म्हणजे झाडझूड असं लोकांना वाटतं. झाडझूड होतीच. पण भिंगं पुसणं, लोलक टांगणं, कप्पीला तेलाचा थेंब देणं, कोणत्या टेबलावर कोणता प्रयोग मांडायचा ते मांडणं, हेही माझ्याकडंच. सर पोरांना शिकवायचे तेव्हा मी मागं फडकं हातात घेऊन उभी. एकच धडा दरवर्षी ऐकला की तो आपोआप अंगात उतरतो. पाठ केला नाही, उतरला.

सगळ्यात जास्त उतरलं ते घर्षण. पोरं त्याला फ्रिक्शन म्हणत. दोन वस्तू एकमेकींवर टेकल्या आणि एक सरकू लागली की दुसरी तिला धरून ठेवते, ते घर्षण. सागाची कितीही चोपडी फळी घ्या, भिंगाखाली ती नांगरलेल्या वावरासारखी दिसते, सगळी ढेकळं ढेकळं. ठोकळा त्या वावरावर बसतो तो चार ढेकळांच्या टोकांवर, आणि तिथंच अडकतो. बसलेला ठोकळा उठवायला जास्त जोर लागतो, चालू लागला की कमी लागतो. चिखलात बंडी फसली की पहिल्या रेट्यालाच बैलांचे डोळे बाहेर येतात, पुढं चालली की चालली, तसंच.

एक गोष्ट मला बरीच वर्षं पटली नव्हती. ठोकळा आडवा ठेवा की उभ्या कडेवर ठेवा, जोर तेवढाच लागतो, असं सर सांगायचे. मला वाटे, हे पुस्तकातलं आहे. मोठ्या बुडानं बसलेला माणूस आणि पायावर उकिडवा बसलेला माणूस, दोघांना हलवायला सारखा जोर कसा लागेल? एकदा लॅब रिकामी होती, तेव्हा दार लोटून मी स्वतः मांडलं. आडवा ठेवला, वजन टाकलं. उभा ठेवला, वजन टाकलं. तेवढंच. परत केलं. परत तेवढंच. मग मी स्टुलावर बसून राहिले आणि मला उगीच हसू येत राहिलं. जग असं असतं आणि आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, असं काहीसं वाटलं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर पोरंच. त्यांचे नमुने काय सांगू! प्रयोग नीट दिसावा म्हणून पोरं वाकून फळीला डोळा लावतात. त्यात डोकं टेकतं. खेड्यातून आलेल्या पोरांच्या डोक्याला आईनं तेल थापलेलं. मग फळीवर तेवढ्या जागेत तेलाचा डाग, ठोकळा तिथं आला की सुळकन पुढं. एका पोरानं आपल्या वहीत लिहिलं होतं, 'फळीच्या मधोमध घर्षण अचानक कमी होते, कारण समजले नाही.' मी त्याच्या चकाकणाऱ्या भांगाकडं पाहिलं आणि तेल टिपायला खडूची भुकटी आणायला गेले. एक मुलगी होती, तिनं काचेच्या दोन पट्ट्या धुऊन ओल्याच एकावर एक ठेवल्या. मध्ये पाण्याचा पापुद्रा राहिला, त्या अशा चिकटल्या की सुटेनात. ती रडकुंडीला आलेली. तिला म्हटलं, ओढू नको माय, सरकव. हळूच कडेनं सरकवल्या तेव्हा सुटल्या.

तर काय सांगत होते? फळी.

आमची घर्षणाची फळी जुन्या सागाची होती. एका पावसाळ्यात लॅबचं छत गळलं. धार नेमकी त्या कपाटावर. फळीला पीळ पडला. ठोकळा ठेवला की पाळण्यासारखा डुलायचा. फिजिक्सचे काळे सर म्हणजे मनानं चांगला, पण लवकर घाबरणारा माणूस. आमच्या कॉलेजात अकरावीच्या प्रॅक्टिकललाही बाहेरचे परीक्षक बोलवायची पद्धत. बाहेरच्यांनी हा डुलणारा ठोकळा पाहिला तर काय म्हणतील, याचीच त्यांना काळजी.

तेव्हा वर्गात प्रतीक्षा नावाची मुलगी होती. दारव्ह्याहून जीपनं जावं लागतं अशा खेड्यातली. बोलायची कमी, ऐकायची जास्त. तीच उठून म्हणाली की तिचे बाबा सुतार आहेत, ते फळी सरळ करून देतील. सरांचा चेहरा लगेच सुटला. पुढच्याच बाजाराच्या दिवशी तिचे बाबा, महादेवभाऊ, येऊन फळी घेऊन गेले. उंच, वाळलेला माणूस. फळी त्यांनी खांद्यावर नाही टाकली, दोन्ही हातांवर आडवी घेतली, लेकरू घ्यावं तशी. मला म्हणाले, शाळेची वस्तू आहे, याचे पैसे काही घ्यायचे नसतात.

पूर्वी ते बंड्या करायचे, वखर-तिफणी करायचे. आता बंड्या कोण करून घेतं? दारं-खिडक्या करत होते. पण त्यांच्या हातच्या दाराला गावात नाव होतं, हे मला नंतर कळलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ते फळी घेऊन आले. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली. पोरांचा सराव चालू होता. सगळे गोळा झाले. धोतर सोडलं आणि खरं सांगते, लॅबमध्ये उजेड वाढल्यासारखं वाटलं. पीळ गेलेला, फळी सुतासारखी सरळ. तेवढ्यावर ते थांबलेच नव्हते. रंधा मारला होता, काचेनं खरवडून घेतली होती आणि वरून जवसाचं तेल पाजलं होतं. सागाच्या रेषा पाण्याखाली दिसाव्यात तशा दिसत होत्या. कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट.

"आता पाहा सर," महादेवभाऊ म्हणाले, "हात लावाचं कामच नाई."

सरांनी ठोकळा ठेवला, दोरी कप्पीवरून सोडली, रिकामं पारडं अडकवलं. वजन टाकायची वेळच आली नाही. ठोकळा निघाला तो सुसाट, आणि कप्पीवर जाऊन आदळला, टक्!

पोरं हसली. महादेवभाऊ तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, फळीचं कौतुक होऊन राहिलं.

प्रतीक्षा हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. ती बाबांजवळ गेली आणि हळूच बोलली, पण लॅबमध्ये हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं.

"तुमाले सरळ कराले सांगतली होती बाबा. चोपडी कराले कोणं सांगतलं?"

"सरळच केली वं माय. मंग तशीच उघडी-बोडकी आणून देऊ का लोकाच्या घरी?"

"तुमी जा आता घरी."

हे शेवटचं जरा मोठ्यानं निघालं. महादेवभाऊंचं हसू तोंडावरच राहिलं, ते आवरायचं कसं हे त्यांना कळेना. अवजारांची पिशवी उचलून ते बाहेर गेले आणि जीप सुटायला वेळ होता म्हणून कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले.

सर खिडकीतून त्यांच्याकडं पाहत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, कागद मारून घ्या तिच्यावर. होईल तेवढी खरखरीत करा. काहीतरी करा."

लॅबमध्ये भुसा उडू द्यायचा नाही म्हणून अशी कामं मी बाहेर करायची. फळी आणि पॉलिश पेपर घेऊन निघाले आणि बाहेर आल्यावर ध्यानात आलं, बाहेर म्हणजे त्यांच्याच समोर. मी पलीकडच्या पायरीवर पाठ फिरवून बसले. कागद हातात धरला. फळीवर टेकवलाही. पुढं सरकवेना. तेलाचा वास येत होता. इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात कमी वेळा हातात घेतली असेल.

माझ्या मागं पावलं वाजली. महादेवभाऊ येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "कुठं चुकलो ते तरी सांगा."

मी त्यांना बसवलं. म्हटलं, "भाऊ, तुमची फळी सोन्यासारखी हाये. आमचंच काम उलटं हाये. आमाले अडणारी फळी पायजे."

"अडणारी?"

मग मी त्यांना माझ्या शब्दांत सगळं सांगितलं. ठोकळा जागेवर अडून बसला पाहिजे, आणि तो किती जोरानं निघतो तेच पोरं मोजतात. तो अडलाच नाही तर मोजायचं काय? ते फळीकडं पाहत ऐकत होते. मग फळीच्या रेषांवरून बोट फिरवत राहिले. कडुनिंबाची पिवळी पानं एकेक खाली येत होती. मला वाटलं, समजलं नसेल, आता बंडीचं उदाहरण द्यावं. तेवढ्यात तेच म्हणाले, "म्हणजे सरस लावाच्या आधी करतो तसं."

आता हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. दोन फळ्या सरसानं जोडायच्या तर चोपड्या ठेवून चालत नाही, सरस धरतच नाही. आधी करवतीच्या दातांनी त्या आडव्या-उभ्या ओरबाडून घ्याव्या लागतात. तो भाग सांध्याच्या आत जातो, कोणाला दिसत नाही. मी म्हटलं, हो भाऊ, तेच. आमच्याकडं फक्त ते वर दिसलं पाहिजे.

त्यांनी पिशवीतून करवतीचं एक जुनं पातं काढलं. फळी मांडीवर घेतली. कोपऱ्यातलं हळदीकुंकू अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा कपाळाला लावला. मग पात्याचे दात टेकवून फळीवर आडवे ओढले. असा आवाज झाला की माझ्याच अंगावर काटा आला. त्यांनी डोळे मिटले होते. एक ओढ, मग दुसरी, मग उभी. तेलाच्या चकाकीवर पांढरे ओरखडे उमटू लागले.

"लोकं दारावरून हात फिरवून पाह्यते," ते मध्येच म्हणाले. "कुठं बोट अडलं का माह्यं नाव घेते. आज पयल्यांदा अडावं म्हून करून राह्यलो."

मी उडालेला भुसा पदरानं झटकला. मध्ये एकदा वर पाहिलं तर लॅबच्या खिडकीत प्रतीक्षा उभी. परत पाहिलं तर नव्हती.

निम्म्या फळीपर्यंत आल्यावर त्यांचा हात थांबला. पातं तिथंच टेकवून ते बसून राहिले.

"बाई, एवढ्यात भागते का? पुढं हात नाई चालत."

मी विचार केला. ठोकळा बसतो ती जागा अडली की झालं. निघताना किती जोर लागला तेवढंच तर पाहायचं असतं, निघाल्यावर तो कुठंही जाईना का. म्हटलं, भागते भाऊ.

त्यांनी पातं पिशवीत टाकलं, फळी फुंकून साफ केली. जाताना वळून विचारलं, "माह्या पायी पोरीचे मार्क तं नाई जाईन ना?"

"नाई जात," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाहेरचे सर ढाणकीकडचे, वयस्क, चष्मा नाकावर उतरलेला, चेहऱ्यावर काहीही न दाखवणारे. पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या. प्रतीक्षेची चिठ्ठी मी दुरूनच ओळखली, कारण ती उघडून तिनं थेट त्या फळीच्या टेबलाकडं पाहिलं. सगळ्या वर्गाला ती फळी कोणी कशी केली ते ठाऊक. दोघी-तिघी एकमेकींकडं पाहून गालात हसल्या.

ती कामाला लागली. ओरखड्यांच्या भागावर ठोकळा ठेवायचा, वजन टाकायचं, बोटानं फळीवर हलकी टिचकी मारायची. ठोकळा छान अडून बसायचा आणि चिक् करून निघायचा. पण निम्म्यावर आला, तेलाचा भाग लागला, की सुसाट. टक्! दर वेळी टक्. सगळ्या लॅबमध्ये लोक माना खाली घालून लिहीत आहेत आणि त्या शांततेत हा आवाज. ती दर वेळी दचकायची. मी फडकं पिळत उभी. मला आदल्या दिवशीचं ते 'भागते' आठवत होतं.

बाहेरचे सर येऊन उभे राहिले. त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मध्यावर हात थांबला. परत मागं आणला.

"ही फळी अशी कोणी केली?"

काळे सर लगबगीनं पुढं आले आणि पावसाळा, छत, ओल असं काहीतरी सुरू केलं. बाहेरच्या सरांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ते प्रतीक्षेकडं पाहत होते. तिची नजर खाली, बोटं दोरीत गुंतलेली. मला वाटलं, आता मान हलवेल आणि म्हणेल, माहीत नाही सर. किती सोपं होतं.

पण तिनं दोरीतली बोटं एकेक सोडवली. इतका वेळ लावला की मला वाटलं, वजन टाकत आहोत, टाकत आहोत, आणि निघतच नाही.

"माझ्या बाबांनी केली सर," ती म्हणाली. "ते सुतार आहेत. इकडं अडते, तिकडं सोडते."

"मग दोन्हीकडचं घर्षण काढून दाखव."

आता पंचाईत ही की चोपड्या भागावर रिकाम्या पारड्यालाच ठोकळा पळतो. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनं ठोकळ्याच्याच डोक्यावर वजनं ठेवायला सुरुवात केली. ठोकळा जड झाला, फळीवर दाबून बसला, आणि तेलावरही अडला. हे सरांनी वर्गात शिकवलेलं होतं, पण त्या वेळी सुचणं वेगळं. मग पारड्यात एकेक वजन. टिचकी. वजन. टिचकी. चिक्. तिनं दोन्हीकडचे आकडे लिहिले, भागाकार केला, एक मोठा आला, एक लहान. पुस्तकातल्या उत्तराशी दोन्ही जुळत नव्हते. तिनं तसेच राहू दिले. बाहेरच्या सरांनी सही केली आणि पुढच्या टेबलावर गेले. कौतुक नाही, काही नाही.

मात्र चहा झाल्यावर सगळे ऑफिसात गेले तेव्हा मी कप उचलायला आत आले, तर ते एकटेच फळीजवळ उभे. एका बोटानं ठोकळा ढकलत होते. ओरखड्यांवरून ढकलायचा, तो अडत अडत जायचा, आणि निम्म्यावर गेला की बोटातून सुटायचा. टक्. परत आणायचे. परत टक्. बाजूला ठेवलेल्या त्यांच्या चहावर साय आली होती. मी कप तसाच ठेवून बाहेर आले.

मार्क कोणाचे किती, ते परिचराला कळत नसतं. प्रतीक्षा बारावीत गेली, पास होऊन यवतमाळला शिकायला गेली, एवढं कळलं. फळी मात्र तशीच राहिली. काळे सरांनी पुढं ती बदलली नाही. उलट दरवर्षी पहिल्या तासाला तीच काढायचे, एकाच फळीवर दोन तऱ्हा दाखवायला. तेलाचा भाग पोरांच्या हातांनी पुढं पुढं मळला, मी तो पुसत राहिले. आता ऐकते, प्रयोग पडद्यावर दाखवतात. ठोकळा तिथंही सरकतो, म्हणे. सरकत असेल. त्याला तेलाच्या डोक्याची भीती नाही. चिक् होतं की नाही, ते मला कोणी सांगितलं नाही.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला प्रतीक्षा आली होती. भाषणं चालू होती आणि आम्ही दोघी मागं लॅबमध्ये, फळीवर हात ठेवून उभ्या. मी तिला कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं, परीक्षा देऊन घरी गेलीस तेव्हा बाबा काय म्हणाले गं?

ती म्हणाली, आदल्या रात्री घरात दोघंही जेवले, पण बोलले नव्हते. परीक्षेच्या दिवशी ती जीपमधून उतरली तेव्हा ऊन कललं होतं. बाबा अंगणात कोणाच्या तरी दाराचा पल्ला करत बसलेले, पायांत लाकडाचे कुरळे छिलके साचलेले. ती समोर जाऊन उभी राहिली. रंधा चालूच. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, आली का. ती म्हणाली, हो. तिला वाटलं, आपण काहीतरी बोलावं, पण पहिला शब्दच निघेना.

शेवटी त्यांनीच विचारलं, फळी कोणी केली असं कोणी इचारलं का? ती म्हणाली, इचारलं. मंग? मंग सांगतलं, माह्या बाबानं केली.

रंधा थांबला. त्यांनी पल्ल्यावरचा भुसा फुंकला, जरा बाजूला सरकले आणि तिला जागा करून दिली.

"पाह्य बरं," ते म्हणाले. "तुहा हात बारीक हाये. अडते का कुठं?"

तिनं डोळे मिटून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"इथं, बाबा," ती म्हणाली. "इथं थोडं अडते."